गाडी विकली नाही हो, वहिनी

नाही हो वहिनी, विकली नाही. तुम्हाला कोपऱ्यावरच्यांनीच सांगितलं असणार. दारात ट्रक दिसला नाही की ते परस्पर विकून मोकळे. आहे की आत, गॅरेजमध्ये. या इकडे, ती निखळलेली फळी जरा सरकवा, तिथून दिसेल. ते स्टँडवर टांगलेलं काळंकुट्ट, तेलकट दिसतंय ना, ते इंजिन. त्याच्या मागे अजून काळंकुट्ट काही हलतंय, ते आमचे हे.

विकायचा विषय निघाला होता, खोटं कशाला बोलू? कोपऱ्यावरचे म्हणाले, एवढ्या खर्चात विजेच्या गाडीचं डाउन पेमेंट होईल. होईल की! पण १९९० सालची शेव्ही आहे ती. धाकट्याच्या जन्माआधी घरात आलेली. आपल्या मंडळाचा गणपती दरवर्षी तिच्याच हौद्यात बसतो, आणि उन्हाळ्यात ट्रेलर मागे बांधून लेक ताहोला जायचं तेही तिच्याच जिवावर. तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला ट्रक म्हटलं की दहा चाकं आठवतात. इथे फ्रीमाँटात मागे हौदा असला की झाला ट्रक.

झालं काय, टिकटिक वाजायला लागली. ह्यांना वाटलं, एक्झॉस्टची गॅस्केट गेली. मग चढावर इंजिन शिंकायला लागलं, अगदी वरून, जिथून हवा आत जाते तिथून फट् फट्. तेव्हा आमची मोठी म्हणाली, ‘बाबा, एक्झॉस्टचा लोब गेलाय.’ एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पुरता उघडला नाही की जळलेला गॅस आतच कोंडतो, आणि मग इनटेक उघडला की तो वरच्या वाटेने बाहेर उसळतो. ह्यांनी मानलं नाही. वरची झाकणं काढून रॉकरवर डायल लावला, तेव्हा मानलं. पंधरा व्हॉल्व्ह शहाण्यासारखे उघडत होते, आणि एक निम्म्यावर येऊन थांबत होता.

लोब म्हणजे? सांगते ना. आता मला हे सगळं तोंडपाठ झालंय, जेवताना दुसरं काही बोलतच नाहीत आमच्याकडे. सिलिंडरच्या दोन ओळींच्या मधोमध, इंजिनाच्या पोटात एक लांब दांडा असतो, तो कॅमशाफ्ट. त्यावर सोळा उंचवटे, प्रत्येक व्हॉल्व्हला एक. क्रँक दोनदा फिरला की हा एकदा फिरतो. उंचवटा लिफ्टरला उचलतो, लिफ्टर पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर वरून व्हॉल्व्हला दाबतो. शेव्हीची ही रचना १९५५ पासूनची. आमचं ३५० घन इंचाचं, ते १९६७ मध्ये आलं. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, ते सगळं त्या उंचवट्याच्या आकारात ठरलेलं. इंजिनाचा स्वभाव म्हणतात ना, तो तिथे घडतो.

बरं, एक उंचवटा झिजला म्हणून एवढं मोठं काम काढायचं? मीही हेच विचारलं. पण झिजलेलं लोखंड जातं कुठे? तेलात. आणि तेल जातं सगळीकडे. क्रँकची बेअरिंगं काढली तर ओरखडेच ओरखडे. मग काय, सगळंच खोललं. मशीन शॉपवाल्याने बोअर तीस हजारांश इंचाने वाढवलं, पिस्टन नवे, रिंगा नव्या, कॅमची पाचही बेअरिंगं नवी. आणि मग घरात तो प्रश्न आला, ज्यापायी आमच्याकडे काही दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं: कॅम कुठला घालायचा?

हे म्हणाले, होता तसाच घालायचा. ह्यांचं म्हणजे तुम्हाला माहीत आहे. कोल्हापूरचे, उद्यमनगरात मामांच्या लेथवर हात काळे करून मोठे झालेले. बीडाचं कास्टिंग हातोडीने वाजवून चीर सांगणारा माणूस. ‘कंपनीने चार शहाणे बसवून कॅम ठरवला, मी कोण बदलणारा?’ म्हणाले.

आणि धाकटा! त्याला तो धडक-धुडक आवाज हवाय. सिग्नलला गाडी उभी असली की अख्खी थरथरते, तो. फोनवर एकेक व्हिडिओ दाखवतो मला. मी म्हटलं, अरे, ही गाडी आजारी आहे. तर म्हणतो, ‘आई, हा रेसिंग कॅम आहे.’ पुन्हा आजोबांच्या वयाच्या माणसांची नावं घेतो. झोरा आर्कस-डन्टॉव्ह म्हणून होते एक, रशियन आईबापांच्या पोटी ब्रसेल्सला जन्मलेले. कॉर्व्हेटला शर्यतीत आणलं त्यांनी, आणि १९५७ साली त्यांच्या नावाचा कॅम निघाला. मोठा माणूस, मान्य. पण त्यांनी तो कॅम कॉर्व्हेटसाठी काढला होता बाबा, ट्रेलर ओढायला नाही.

तो आवाज कशाचा, ते मोठीने सांगितलं तेव्हा मला पटलं. मोठ्या कॅममध्ये व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात. इतके, की एक्झॉस्ट मिटायच्या आधीच इनटेक उघडलेला असतो. पुढचं दार आणि मागचं दार एकदम उघडं टाकल्यावर घरात काय होतं? वारा आरपार. इंजिन सावकाश चालत असताना तेच होतं. ताजं पेट्रोल न जळता मागून निघून जातं, जळका धूर पुढे घुसतो, एक ठिणगी नीट पेटते, दुसरी फुसकी जाते. त्याची ती धडक-धुडक. इंजिन भरधाव फिरायला लागलं की मात्र तेच उपयोगी पडतं, कारण तेव्हा हवेला आत शिरायला वेळच नसतो, आणि तिच्या वेगाने ती व्हॉल्व्ह मिटेपर्यंत आत घुसत राहते. सावकाश फिरताना तिला तो वेग नसतो. इनटेक उशिरा मिटला तर पिस्टन वर येताना आत आलेली हवा पुन्हा बाहेर ढकलतो. म्हणजे दाबच कमी. म्हणजे जोर कमी. तोही कुठे, तर जिथे आपल्याला हवा असतो तिथेच.

आता आकड्यांची गंमत ऐका. कॅटलॉगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, २६०, २७०, २८०. व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो, त्याचे हे आकडे. पण मोजायला सुरुवात कुठून करायची, ते प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते. तेव्हा एका कंपनीचे २६० आणि दुसरीचे २६० एकमेकांशी ताडून बघायचेच नाहीत. बघायचा तो बारीक अक्षरातला आकडा: लिफ्टर पन्नास हजारांश इंच वर उचलला गेल्यापासून पुन्हा तिथवर खाली येईपर्यंतचे अंश. तो सगळ्यांचा सारखा. धाकट्याने निवडलेला कॅम या मापाने २३० चा. आणि शेव्हीच्या जुन्या साध्या ३५० ला जो कॅम यायचा, पार्ट नंबरच्या शेवटच्या आकड्यांवरून सगळे ज्याला ‘९२९’ म्हणतात, तो इनटेकला १९५ आणि एक्झॉस्टला २०२. मेकॅनिक लोकांचा ठोकळ हिशेब असा की या मापात दहा अंश वाढले की जोर साधारण पाचशे आरपीएम वर सरकतो. वर सरकतो हं, खालचा जागेवर ठेवून वरचा मिळत नाही. हे विकणारा कधी बोलत नाही, आणि धाकट्याच्या वयाचा घेणारा कधी विचारत नाही.

मग मी काय केलं, सांगू? जेवणाच्या टेबलावर कागद-पेन घेऊन बसले. म्हटलं, मला कॅममधलं कळत नाही, पण गाडी कुठे चालते ते कळतं. आपला ट्रक किती आरपीएमवर राहतो, ते सांगा आधी. कुणाला सांगता येईना! तिघंही इंजिनावर तावातावाने बोलणारे, आणि हे कुणी काढलेलं नाही. मोठीने मग हिशेब मांडला. मागच्या एक्सलचा रेशो ३.४२, चाकं एकोणतीस इंचांची, गिअरबॉक्सचा चौथा गिअर ०.७०. ताशी ६५ मैलांनी ८८० हायवेवर गेलं तर इंजिन फिरतं जेमतेम १८०० ला. ट्रेलर लावला की कायद्याने ५५ च्या वर जायचं नाही, आणि चढावर चौथ्यात ओढायचं नाही, तिसऱ्यात ठेवायचं. ते आले २२०० च्या आसपास. आणि गणपतीच्या मिरवणुकीत? आयडल, बस. पुढे पोरं लेझीम खेळतायत, ट्रक मुंगीच्या पावलांनी चाललाय.

म्हणजे आमच्या ट्रकचं सगळं आयुष्य आयडल ते २६०० मध्ये. आणि धाकट्याच्या कॅमच्या खोक्यावर लिहिलेलं, हा २५०० पासून पुढे जोर धरतो! शिवाय या मॉडेलची सिलिंडर हेडंही चार हजारांच्या पुढे श्वास घेत नाहीत. इनटेकच्या वाटा अशा वळवलेल्या आहेत की कमी वेगात हवा घुसळून निघावी, जास्त वेगात तेच वळण आडवं येतं. म्हणजे ज्या वेगाला कॅम जागा होणार, त्याच्या जरा पुढे हेडं गळा आवळणार. मधल्या त्या चिंचोळ्या पट्टीसाठी आम्ही पैसे मोजायचे.

आणि ताहोच्या वाटेवरचा तो चढ काही लहान नाही, वहिनी. गेल्या वर्षी तुम्ही विमानाने गेलात रीनोला, तुम्हाला कळलं नसेल. सॅक्रामेंटो जवळपास समुद्रसपाटीला, आणि तिथून शंभरेक मैलांत आय-८० हायवेचा माथा ७,२३९ फुटांवर. हजार फुटांमागे इंजिनाचा साधारण तीन टक्के जोर हवा विरळ झाल्यानेच जातो. म्हणजे माथ्यावर पाचवा हिस्सा आधीच गेलेला. उरलेल्यातला अजून थोडा आवाजासाठी द्यायचा का? मागे ट्रेलर, आत आम्ही, माझ्या मांडीवर पोह्यांचा डबा.

ब्रेकचं तर मी बोललेच नाही. ह्या गाडीच्या ब्रेकला जोर मिळतो तो इंजिनाच्या व्हॅक्यूमने. धडधाकट इंजिन आयडलला अठराएक इंच व्हॅक्यूम देतं. ते आरपार वाऱ्याचं सांगितलं ना, त्याने तो व्हॅक्यूम पडतो. दहा-बारावर आला की एक-दोनदा दाबल्यावर पेडल दगड. कुठे? मिरवणुकीत, पुढे लेझीमवाली पोरं असताना! हे ऐकल्यावर ह्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणजे पटलं.

कॉम्प्युटरही तोच व्हॅक्यूम बघतो. व्हॅक्यूम पडला की त्याला वाटतं, ओझं पडलंय, ओता पेट्रोल. उभ्या गाडीत ओततो. मग त्याची चिप बदला, म्हणजे नवा खर्च.

भाऊजी काय म्हणतात? कॅम आत असतो, स्मॉग तपासणाऱ्याला कुठे दिसतोय? धाकटा अगदी हेच म्हणाला होता, शब्दसुद्धा तेच. दिसत नाही, खरं आहे. पण धूर दिसतो ना! कॅलिफोर्नियात ७६ पासूनच्या गाड्या दर दोन वर्षांनी स्मॉगला न्याव्या लागतात. पंचाहत्तरची असती तर सुटलो असतो. तुमच्या नव्या गाडीला नुसती वायर लावतात. आमच्या वयाच्या गाड्यांना रोलरवर चढवून पंधरा आणि पंचवीस मैलांच्या वेगाने पळवतात आणि मागे नळी घालून धूर मोजतात. पंधरा आणि पंचवीस! म्हणजे नेमकं तिथे, जिथे मोठा कॅम न जळलेलं पेट्रोल मागून टाकतो. नापास होण्यासाठी याहून चांगली परीक्षा कुणी काढू शकलं नसतं. आणि नियम म्हणाल तर, मुळापेक्षा वेगळा भाग घालायचा तर त्याला राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा ईओ नंबर लागतो, तोही तुमच्या सालच्या तुमच्या इंजिनासाठी दिलेला. कॅममध्ये अशी यादी लहानच. मला तर ती यादी आवडली. पसारा आपोआप कमी झाला, बाकीची खोकी बघायलाच नकोत.

अहो थांबा, ती कढीपत्त्याची फांदी देऊ नका फळीतून! ते पत्रक आलं होतं ना घरोघरी? संत्र्या-लिंबांवरच्या त्या किडीमुळे कढीपत्तासुद्धा इकडून तिकडे देऊ नका, असं होतं त्यात. मीच येते, तुमच्याच स्वयंपाकघरात घालू या फोडणीला.

हं, तर ह्यांचं म्हणणं जिंकलं असं वाटलं ना तुम्हाला? ह्यांनाही वाटलं. होता तसाच कॅम मागवायला निघाले. पण मोठीने तिथेही अडवलं, आणि तिचं बरोबर होतं, असं मी त्यांच्या तोंडावर सांगितलं.

होता तो कॅम सपाट लिफ्टरवर चालतो. सपाट म्हणायचं, पण लिफ्टरचा तळ किंचित फुगीर असतो आणि उंचवटा किंचित तिरका घासलेला, म्हणजे काम करता करता लिफ्टर स्वतःभोवती फिरत राहावा. फिरायचा थांबला की दोन्ही खलास. बीडावर लोखंड घासतंय, मधे तेलाचा पातळ पदर, बस. तो पदर टिकावा म्हणून पूर्वी तेलात झिंक आणि फॉस्फरसचं एक मिश्रण भरपूर घालायचे. पण फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. म्हणून २००४ च्या एपीआय एसएम प्रतीपासून पातळ तेलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या वर नको, असं ठरलं. नव्या गाड्यांना त्याने काही बिघडत नाही, बहुतेकांचे लिफ्टर चाकांचे. आमचा लोब तेलापायीच गेला, असं मी छातीठोक सांगणार नाही. एवढे मैल पळाल्यावर काहीतरी जाणारच होतं.

पण नवा सपाट कॅम घातला तर त्याच्या बारशाचे सोहळे ऐकाल तर! इंजिन पहिल्यांदा चालू झालं रे झालं की लगेच दोन हजारांच्या वर न्यायचं आणि वीस-तीस मिनिटं तिथेच धरायचं. आयडलवर येऊ द्यायचंच नाही. कारण कॅमला तेल मिळतं ते क्रँकवरून उडणाऱ्या शिंतोड्यांनी, आणि सावकाश फिरलं की शिंतोडे कमी. मधे कुठे पाणी गळलं, टायमिंग चुकलं, पुन्हा पुन्हा स्टार्टर मारावा लागला, की त्या पहिल्या काही मिनिटांतच नवा कॅम घासून जातो. मग पुन्हा लोखंड तेलात, पुन्हा सगळं इंजिन खोला. हे म्हणाले, ‘मी कोल्हापुरात ढिगाने बसवलेत.’ बसवले असतील. तेव्हा तेल तेव्हाचं होतं.

म्हणून मोठीचं म्हणणं, रोलर घालू. लिफ्टरच्या तळाला छोटं चाक. घासणं संपलं, तेलाची ती चिंता संपली, पहिल्या अर्ध्या तासाचा उपास संपला. आणि मला पटलेला मुद्दा पुढचा. सपाट लिफ्टरचा व्यास .८४२ इंच. त्यामुळे उंचवटा फार उभा करता येत नाही, लिफ्टरची कड त्यात रुतेल. चाकाला ती भीती नाही. तेव्हा रोलरचा उंचवटा झपकन चढतो. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा न ठेवता जास्त उंच उघडता येतो. म्हणजे खालचा जोरही राहिला आणि हवाही जास्त मिळाली.

ह्यांना हे पुस्तकी वाटलं. मग तिने शेव्हीचाच दाखला काढला. गाड्यांमध्ये रोलर १९८७ ला आले, आणि ट्रकच्या ३५० मध्ये १९९६ ला, व्होर्टेक नावाने. त्या ट्रकचा कॅम बघा म्हणाली: १९१ आणि १९६. म्हणजे त्या जुन्या ९२९ पेक्षासुद्धा कमी वेळ उघडा! पण लिफ्ट बघा, ९२९ ची .३९० आणि .४१०, व्होर्टेकची .४१४ आणि .४२८. कमी वेळ, जास्त उंची. ‘बाबा, तुमच्या त्या चार शहाण्यांनीच बदललाय,’ म्हणाली. हे उठून हात धुवायला गेले. मी म्हटलं, आता झालं.

सोपं नाही मात्र, कॅम काही एकटा येत नाही. रोलर लिफ्टरला फिरू देऊन चालत नाही, चाक आडवं होईल. म्हणून जोडीजोडीने पट्ट्यांत धरतात आणि वरून पत्र्याचा एक कोळी बसवतात. स्पायडरच म्हणतात त्याला. तो बसायला इंजिनाच्या पोटात उंचवटे ओतलेले लागतात. आमच्या ब्लॉकमध्ये ते होते, नुसते भोकं पाडून आटे मारायचे राहिलेले. मोठीने बॅटरी घेऊन आत डोकं घालून बघितलं तेव्हा कळलं. हे ब्लॉक ओतणाऱ्याचं कौतुक करत बसले, पुढच्यांसाठी जागा ठेवून दिली म्हणून. आटे मशीन शॉपवाल्याने मारले. लिफ्टर उंच म्हणून पुशरॉड आखूड. कॅम पुढे सरकू नये म्हणून थ्रस्ट प्लेट. आणि डिस्ट्रिब्युटरचं दातेरी चाक! कॅम पोलादी, त्यावर साधं बीडाचं चाक ठेवलं तर ते झिजून पुन्हा तेलात भुगा. हे ह्यांना आपणहून सुचलं, कुणी सांगायच्या आत. बीड म्हटलं की ह्यांचा अधिकार. दोन दिवस त्याच आनंदात होते.

पट्ट्या, कोळी आणि प्लेट एका जंकयार्डातल्या व्होर्टेक ट्रकमधून काढून आणल्या. लिफ्टर मात्र नवे. रोलरचे जुने लिफ्टर दुसऱ्या कॅमवर चालतात म्हणे, सपाटचे कधीच चालत नाहीत. पण मीच म्हटलं, एवढा खर्च केला आणि लिफ्टरपाशी कंजूषपणा कशाला? व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही कॅमबरोबर शिफारस केलेल्याच घेतल्या. जास्त लिफ्टला जुन्या हेडमध्ये स्प्रिंगवरची टोपी गाइडच्या सीलवर आपटते का, ते ह्यांनी प्रत्येक व्हॉल्व्हचं मोजून बघितलं. मोजण्यात ह्यांचा हात धरणारा कुणी नाही, ते मी भांडणातही कबूल करते.

कॅम? पन्नास हजारांशाच्या मापाने दोनशेच्या आसपासचा, ईओ नंबरवाला, आमच्या सालासाठी. कॅटलॉगात अगदी शेवटी, लहान फोटोत. वर्णनही दीड ओळीचं: आयडल गुळगुळीत, ओढायच्या कामाला योग्य. धाकट्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला, ‘आई, हे म्हातारी माणसं घेतात.’ मी म्हटलं, गाडी कुणाची आहे?

बिचारा हिरमुसला होता, वहिनी. शेवटी त्यानेच तोडगा काढला, आणि तो वाईट नाही. आवाजच हवाय ना, तर तो मागच्या नळकांड्यातून मिळतो. कन्व्हर्टर जागच्या जागी, नुसता त्याच्या मागचा सायलेन्सर बदलायचा. व्हॅक्यूमला धक्का नाही, पंधरा मैलांच्या परीक्षेला धक्का नाही. कायद्याने सहा हजार पौंडांच्या आतल्या गाडीला ९५ डेसिबलची मर्यादा आहे, ती पाळणार म्हणतो. दारावर चिकटवलेलं लेबल वाचून आला, आमचा ट्रक त्या वजनाच्या आत बसतो की नाही ते. हे तयार झाले, मीही झाले. एकच अट घातलीय मी: नळकांड्याचं तोंड आमच्या बाजूला काढ म्हटलं, वहिनींच्या झोपायच्या खोलीकडे नको.